कुत्री विण्याजोगी केव्हा होते? : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. ज्या व्यासपीठावरून राज्यघटना, अर्थकारण आणि संतवाङ्मय ह्यांची चर्चा होते, तेथे कुत्रीच्या विणीची चर्चा कशाला, असे कुणाच्या मनात आले असल्यास मी त्याला दोष देणार नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाय, मेंढी, घोडा ह्या सर्वांच्या आधी माणसाच्या वस्तीला आलेला प्राणी म्हणजे कुत्रा. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक थडगे सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा एकत्र पुरलेले होते. आणि ते थडगे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. इतका दीर्घ काळ ज्याची पैदास माणसाच्या हाती राहिली, त्याच्या पैदाशीचा इतिहास म्हणजे माणसाने हाती आलेली सत्ता कशी वापरली ह्याचाच इतिहास होय. तो समग्र सांगायला एक संध्याकाळ पुरणार नाही. म्हणून मी त्यातला एकच प्रश्न घेतला आहे : कुत्रीला पहिल्यांदा नर केव्हा दाखवावा, आणि हे ठरवायचे कुणी?

प्रश्न साधा दिसतो. आपल्याकडचा जाणता शेतकरी कालवड पहिल्यांदा माजावर आली म्हणून तिला लगेच वळू दाखवीत नाही. तिचे अंग भरू देतो, एखाददुसरा माज रिकामा जाऊ देतो. माजावर येणे निराळे आणि विण्याजोगे होणे निराळे, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकविलेले नसते. कुत्रीच्या बाबतीत मात्र हा भेद माणसाने पुष्कळदा ओळखला आणि तितक्याच वेळा सोयीस्करपणे विसरला. तो केव्हा ओळखला आणि कशापायी विसरला, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभ लांडग्यापासून केला पाहिजे, कारण कुत्रा हा लांडग्याच्याच कुळातला. रानातली लांडगी साधारणपणे दोन वर्षांची होईपर्यंत वयात येत नाही, आणि त्यानंतरही ती वर्षातून एकदाच, ठराविक ऋतूत माजावर येते. शिवाय कळपात बहुधा एकच जोडी विते. बाकीची भावंडे पिल्ले सांभाळण्याच्या कामाला लागतात. म्हणजे निसर्गाने तेथे थांबा घालून दिलेला आहे. माणसाच्या उंबऱ्याशी आल्यावर हा थांबा सुटला. लहान चणीच्या जातींतल्या माद्या सहासात महिन्यांतच माजावर येतात. मोठ्या जातींना वर्ष, दीड वर्ष, क्वचित दोन वर्षेही लागतात. आणि पुढे दर सहासात महिन्यांनी माज फिरून येत राहतो. आफ्रिकेतला बसेंजी, तिबेटी मास्टिफ अशा थोड्या जाती अजून वर्षातून एकदाच माजावर येतात; पण ते अपवाद. खाण्याची शाश्वती आणि माणसाचे छत्र मिळाल्यावर लवकर आणि वारंवार विणारी मादीच अधिक वंश मागे ठेवणार, हे उघड आहे. ह्याचा अर्थ असा की रानात जो थांबा आपोआप होता, तो घरात आल्यावर पाळणाऱ्याने स्वतः पाळायची गोष्ट झाली. माझ्या मते जबाबदार पैदाशीचा सारा इतिहास ह्या एका वाक्यात सामावतो.

आता ग्रीकांकडे वळू. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या प्राणिशास्त्रावरील ग्रंथात लाकोनियाच्या शिकारी कुत्र्यांबद्दल जे लिहिले आहे, ते वाचून आजही नवल वाटते. ही कुत्री आठ महिन्यांची झाली की समागमाला योग्य होतात. गर्भकाळ सुमारे साठ दिवसांचा, त्यात एकदोन दिवस इकडेतिकडे. पिल्ले जन्मानंतर बारा दिवस आंधळी असतात. माज एकंदर चौदा दिवसांचा. आजच्या पशुवैद्याने ओव्हुलेशनपासून मोजलेला गर्भकाळ ६३ दिवसांच्या आसपास भरतो. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलचे निरीक्षण किती चोख होते! परंतु तो निरीक्षक होता. कुत्र्यांना काय होऊ शकते, एवढेच तो सांगतो. काय होऊ द्यावे, हा त्याचा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न ज्यांच्या दाराशी कुत्री बांधलेली होती त्यांनी विचारला. क्सेनोफॉन हा सेनानी आणि शिकारी. त्याने शिकारीवरच्या आपल्या छोट्या ग्रंथात लिहिले आहे की, विणीसाठी हिवाळा निवडावा, त्या काळात माद्यांना शिकारीच्या कष्टांतून मोकळे करावे, म्हणजे वसंताच्या सुमारास जोमदार पिल्ले होतील. पिल्ले जन्मली की आईपाशीच ठेवावीत, दुसऱ्या मादीखाली घालू नयेत. कारण आईचे दूध आणि तिचा श्वास त्यांना मानवतो. ‘श्वास’ हा शब्द एका युद्धनिष्णात माणसाच्या लेखणीतून यावा, ह्याची मला मोठी मौज वाटते. रोमन ग्रंथकार व्हॅरो हा अधिक हिशेबी. मेंढ्या राखायला कुत्रा घेताना तो शिकाऱ्याकडून किंवा खाटकाकडून घेऊ नये, असे तो बजावतो : खाटकाचा कुत्रा आळशी, आणि शिकाऱ्याचा ससा दिसला की मेंढ्या टाकून त्याच्या मागे धावणारा. व्यायलेल्या मादीला गव्हापेक्षा जवाची भाकर द्यावी, तिला दूध अधिक येते, असेही तो सांगतो. पिल्ले मोजकीच ठेवून बाकीची टाकून द्यावीत, हा त्याचा सल्ला मात्र आज कुणी मानणार नाही.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले ते कोलुमेल्लाने. हा स्पेनमधला, गादेस गावचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या सातव्या भागात कुत्र्यांना जागा दिली. तो म्हणतो की, नर असो वा मादी, वर्षाच्या आत समागम होऊ देऊ नये. कोवळ्या वयात तो होऊ दिला तर शरीर व ताकद झिजते आणि तेजही उतरते. पहिलटकरणीला पिल्ले नीट पाजता येत नाहीत, आणि त्या पोसण्याने तिची स्वतःची वाढ खुंटते; म्हणून पहिल्या वेताची पिल्ले तिच्याजवळ ठेवू नयेत. नर दहा वर्षांपर्यंत चालतो, मादी नवापर्यंत. त्यापुढच्या वयाच्या नराची संतती मंद निघते. ह्यातला शेवटचा भाग आजच्या शास्त्राला तसाच्या तसा पटणार नाही. परंतु मुख्य मुद्दा पाहा. अ‍ॅरिस्टॉटलचे आठ महिने आणि कोलुमेल्लाचे एक वर्ष ह्यांच्यामध्ये जे चार महिन्यांचे अंतर आहे, तीच जबाबदार पैदाशीची पहिली पायरी. मादीला दिवस जाऊ शकतात हे ठाऊक असूनही मालकाने ते चार महिने थांबायचे आहे.

आधुनिक शास्त्राने ह्या अनुभवाला कारणे पुरविली. पहिल्या माजाच्या वेळी पुष्कळ माद्यांची हाडे वाढतच असतात. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा मध्यम आकाराच्या कुत्र्यांत वर्षाच्या सुमारास भरून येतात. प्रचंड देहाच्या जातींत त्याला दीड वर्ष आणि कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. अशा मादीच्या पोटात सहासात पिल्ले वाढू लागली की एकाच ताटातले अन्न आणि चुना दोन वाढींनी वाटून घ्यायचा प्रसंग येतो. शिवाय मनाचेही वय असते. स्वतःच पिल्लू असलेली मादी पिल्लांपासून उठून जाते, त्यांच्यावर गुरगुरते, क्वचित त्यांना इजाही करते. उलट फार उशीरही हिताचा नाही. पाचसहा वर्षांची होईपर्यंत जी एकदाही व्यायली नाही, तिची पहिली वीण अवघड जाण्याचा संभव वाढतो आणि वेतही लहान होते. दोन वेतांमध्ये एक माज रिकामा सोडावाच काय, ह्याविषयी पशुवैद्यांत आज मतभेद आहेत. सुदृढ तरुण मादीची दोनतीन वेते लागोपाठ घेऊन मग तिचे गर्भाशय काढून टाकावे, असे म्हणणारा एक पक्ष आहे. कारण प्रत्येक रिकामा माज गर्भाशयाच्या रोगाला थोडी वाट करून देतो. हा पक्ष मूर्खांचा नव्हे. परंतु त्याचा सल्ला रोज मादीची तपासणी करू शकणाऱ्या श्वानशाळेला लागू आहे. बाजारासाठी पिल्ले काढणाऱ्याच्या हाती तो गेला की त्याचे काय होईल, हे सांगायला नको.

येथेच आपल्या मध्यमवर्गीय घरांतल्या एका समजुतीचा समाचार घेतो. कुत्री निदान एकदा तरी व्यायली पाहिजे, नाही तर तिची प्रकृती बिघडते, असे पुष्कळ लोक मनापासून मानतात. ह्याला कसलाही आधार नाही. न व्यायल्यामुळे कुत्री आजारी पडत नाही, आणि तिच्या मनात त्याची खंतही राहत नाही. ती खंत आपली असते.

आता एकदम अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जाऊ, कारण पुढची मोठी उलथापालथ तेथे झाली. लेस्टरशर परगण्यात डिशली येथे रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) नावाचा शेतकरी होता. त्याने मेंढ्यांत आणि गुरांत जवळच्या नात्यांतले संबंध जाणूनबुजून घडवून इष्ट गुण पक्के करण्याची रीत रूढ केली. आपले मेंढे तो हंगामापुरते भाड्याने देई आणि त्यांची संतती पाहूनच कोणता मेंढा खरा ते ठरवी. त्याच परगण्यात ह्यूगो मेनेल ह्याने १७५३ पासून क्वॉर्न येथे कोल्ह्याच्या शिकारीची कुत्री पोसली आणि निवडीचे तेच तत्त्व त्यांना लावले. ह्या फॉक्सहाऊंड कुत्र्यांच्या श्वानशाळांतून वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवीत. तेथे पिल्ले लहानपणी आसपासच्या शेतकऱ्यांच्या घरी वाढायला देत; ती परत आली की त्यांना टोळीबरोबर शिकारीला नेत; आणि मैदानात कस लागल्यावरच कोणाचा वंश पुढे चालवायचा ते ठरे. साहजिकच हे सगळे होईपर्यंत कुत्रा चांगला वयात आलेला असे. वयाचा नियम कुणी मुद्दाम केलेला नव्हता. कामाच्या कसोटीला जो वेळ लागे, त्या वेळातच मादीचे अंग भरत होते. ह्या शिकारीबद्दल आपले मत काहीही असो, आणि माझे मत फारसे अनुकूल नाही, पण तिच्या पोटात थांबण्याची एक शिस्त होती हे मान्य केले पाहिजे. अर्थात ही उमरावांची चैन होती. दीड-दोन वर्षे साऱ्या टोळीला बसून खाऊ घालणे त्यांना परवडत होते.

एकोणिसाव्या शतकात ही कसोटीच बदलली. २८ आणि २९ जून १८५९ रोजी न्यूकॅसल शहरी कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. केवळ पॉइंटर आणि सेटर ह्या दोनच जाती, प्रवेशिका सुमारे साठ, आणि बक्षीस म्हणून बंदुका. म्हणजे तेथवर शिकारीची आठवण शिल्लक होती. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमला प्रदर्शन भरले आणि मग लाट उसळली. आगगाडीने कुत्री गावोगाव नेता येऊ लागली. १८७३ साली सेवालिस शर्ली ह्या गृहस्थांच्या पुढाकाराने लंडनमध्ये केनेल क्लबाची स्थापना झाली. १८७४ साली त्याची पहिली वंशनोंदवही छापली गेली आणि तीत चार हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी होत्या. कुत्र्यांच्या बिस्किटांचा विक्रेता चार्ल्स क्रफ्ट ह्याने १८९१ पासून स्वतःच्या नावाने जे प्रदर्शन चालविले, ते आजही भरते.

ह्या मंडळींना केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. त्या काळात प्रदर्शनांत लबाडी फार चाले, एकाच नावाची अनेक कुत्री हिंडत. त्या गोंधळाला केनेल क्लबाने वळण लावले. पण नोंदवहीत काय लिहिले गेले, ते पाहा. बाप, आई, आणि मिळविलेली बक्षिसे. सांध्यांची, श्वासाची, विणीची हकीकत ठेवणे हा तिचा उद्देशच नव्हता. प्रदर्शनाच्या रिंगणात पंच कुत्र्याकडे काही मिनिटे पाहतो. त्या थोड्या मिनिटांत ज्या गोष्टी दिसतात त्यांना भाव आला, आणि ज्या दिसायला वर्षे लागतात त्या भावातून वगळल्या गेल्या. बक्षीस मिळविलेल्या तरुण नराला चोहीकडून मागणी येई, आणि त्याचे दोष उघड होईपर्यंत त्याची संतती देशभर पसरलेली असे.

बुलडॉगची गोष्ट ह्या संदर्भात सर्वांत बोलकी आहे. बैलावर कुत्री सोडण्याचा क्रूर खेळ इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने बंद झाला. बुलडॉगचे कामच गेले. कामाचा कुत्रा निदान पळू शकला पाहिजे, दम धरू शकला पाहिजे. ती अट उडाल्यावर शोभेच्या कुत्र्याचे डोके मोठे, नाक आखूड आणि कंबर अरुंद होत गेली. परिणाम असा की, ब्रिटनमधील जातिवंत कुत्र्यांच्या वेतांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात बॉस्टन टेरियर, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग ह्या जातींची ८० टक्क्यांहून अधिक वेते सिझेरियन शस्त्रक्रियेने झालेली आढळली. ‘ही मादी विण्याजोगी केव्हा होईल?’ ह्या आपल्या प्रश्नाला ह्या जातींतल्या पुष्कळ माद्यांच्या बाबतीत ‘कधीच नाही’ हेच प्रामाणिक उत्तर आहे. दोनदा सिझेरियन झालेल्या मादीची पुढील वेते न नोंदण्याचा निर्णय केनेल क्लबाने २०१२ पासून अमलात आणला. म्हणजे एकदा पोट फाडणे वहीला चालते, असा त्याचा अर्थ होतो.

विसाव्या शतकाने थांबण्याला आणखी एक कारण दिले, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९३५ साली अमेरिकन पशुवैद्य श्नेल ह्यांनी कुत्र्याच्या खुब्याच्या सांध्यातला एक दोष वर्णन केला. मांडीच्या हाडाचे डोके वाटीत नीट बसत नाही, आणि पुढे कुत्रा लंगडा होतो. हा दोष मोठ्या जातींत वंशागत उतरतो. पण आठदहा महिन्यांच्या कुत्र्यात तो पुष्कळदा दिसत नाही. काडतुसांचे कारखानदार आणि लॅब्रेडॉर कुत्र्यांचे शौकीन जॉन ऑलिन ह्यांच्या पुढाकाराने १९६६ साली अमेरिकेत अस्थिविकारांची नोंद ठेवणारी एक संस्था निघाली. ती खुब्याचा पक्का दाखला कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावरच देते. कॅव्हॅलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ह्या गोंडस जातीत हृदयाच्या झडपेचा रोग इतका आहे की, अडीच वर्षांच्या आत ह्या कुत्र्यांची पैदास करू नये, आणि त्यांच्या आईबापांची हृदये पाचव्या वर्षी निर्दोष असल्याची खात्री करून घ्यावी, असा संकेत पशुवैद्यांनी घालून दिला. म्हणजे कोलुमेल्लाचा थांबा मादीच्या शरीरासाठी होता; हा नवा थांबा तिच्या पोटी येणाऱ्यांसाठी आहे. मादी विण्याला समर्थ झाली तरी तिने विणे योग्य आहे काय, हे कळायला तिचेच नव्हे तर तिच्या आईचेही वय वाढावे लागते.

केवळ थांबून मात्र भागत नाही. डाल्मेशियन जातीच्या साऱ्याच कुत्र्यांच्या मूत्रात युरिक आम्ल प्रमाणाबाहेर येई आणि त्यांतल्या कित्येकांना मूतखडे होत. जातीत एकही निर्दोष कुत्रा नसल्यावर निवड कशातून करणार? रॉबर्ट शायबल ह्या आनुवंशशास्त्रज्ञाने १९७३ साली एका पॉइंटरशी संकर घडवून, पुढे प्रत्येक पिढी डाल्मेशियनशीच जुळवीत, निर्दोष ठिपकेदार कुत्री तयार केली. अमेरिकेच्या केनेल क्लबाने त्यांतली दोन १९८१ साली नोंदविली, मग जातीच्या अभिमान्यांनी गिल्ला केला आणि नोंदणी थांबली. ह्या वंशाला अमेरिकेच्या नोंदवहीत कायमचा प्रवेश मिळाला तो २०११ साली. एका आजोळच्या पूर्वजासाठी तीस वर्षे! सोवळ्याओवळ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, अशा आपल्या समाजाला ह्यात अनोळखी काहीच वाटू नये.

कायद्याची पावले फार उशिरा पडली. ब्रिटनमध्ये १९७३ साली कुत्र्यांच्या पैदाशीचा पहिला कायदा झाला. त्याने परवाना आणला. १९९९ च्या कायद्याने परवानाधारकांवर बंधने घातली : वर्षाच्या आतल्या मादीला नर दाखवायचा नाही, दोन वेतांमध्ये बारा महिन्यांचे अंतर, आणि जन्मात सहांहून अधिक वेते नाहीत. हे एक वर्ष म्हणजे कोलुमेल्लाचेच एक वर्ष. एका प्रगत राष्ट्राला तेथवर यायला एकोणीसशेहून अधिक वर्षे लागली! २००८ साली बी.बी.सी.ने जातिवंत कुत्र्यांच्या आजारांवर एक चित्रपट दाखविला. लोकक्षोभ झाला, आणि केनेल क्लबाने बाप-मुलगी, आई-मुलगा व सख्खी भावंडे ह्यांच्या संबंधांतून झालेल्या पिल्लांची नोंद थांबविली. नॉर्वेत तर प्रकरण न्यायालयात गेले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्या देशातल्या कॅव्हॅलियर कुत्र्यांची आपसांत चाललेली पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याविरुद्ध आहे, असा निर्णय दिला.

आपल्याकडे काय होते? दख्खनला श्वानविद्या अपरिचित नव्हती. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये कुत्र्यांच्या विनोदालाही स्थान आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहेच. पण आपल्या विषयाला खरा धागा मिळतो तो मुधोळला. घोरपडे ह्या मराठा घराण्याचे हे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले, १९५६ साली म्हैसूर राज्यात गेले, आणि आज ते गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. लांब पायांची, खपाटीला गेलेल्या पोटाची आणि वाऱ्यासारखी पळणारी तिथली शिकारी कुत्री श्रीमंत मालोजीराव घोरपडे ह्यांच्या नजरेत भरली आणि त्यांनी त्यांच्या पैदाशीकडे जातीने लक्ष दिले. त्यांनी त्यांतली एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिल्याचे सांगतात. आपल्याकडे सोलापूर-लातूरच्या बाजूला ह्याच कुळीच्या कुत्र्यांना कारवान म्हणतात. ९ जानेवारी २००५ रोजी टपालखात्याने चार भारतीय जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा कुत्रा आहे.

ह्या कुत्र्याची निवडही कामानेच होत आली. ससा पकडता येतो की नाही, ही त्याची परीक्षा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले; पण बुलडॉगचे १८३५ साली जे झाले, तेच मुधोळचे १९७२ नंतर झाले. काम गेले, जात उरली, आणि जातीला गिऱ्हाईक मिळाले. अलीकडे लष्कराने ही कुत्री घेऊन पाहिली, वर्तमानपत्रांतून गौरव झाला, मागणी वाढली. मुधोळच्या आसपास पुष्कळ घरे आज पिल्लांच्या विक्रीवर संसाराला हातभार लावतात. तिमापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वानसंशोधन केंद्र आहे. ह्या कुत्र्याला सुदैवाने अजून कुणी आखूड नाक दिलेले नाही. धोका आहे तो दोन बाजूंनी. एकाच गाजलेल्या नराकडे साऱ्या गावच्या माद्या नेणे ही एक बाजू, आणि पहिल्या माजाची घाई ही दुसरी.

शहरांत ही घाई अधिक उघडी दिसते. २००३ साली एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचा कुत्रा झळकला आणि गावोगाव पगची मागणी उसळली. आपल्या उन्हाळ्यात ह्या आखूड नाकाच्या प्राण्याला धापा टाकताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. मागणी एकाएकी वाढली की पुरवठा कुठून होतो? मादी दर माजाला भरविल्यानेच होतो; दुसरा मार्ग नाही.

केंद्र सरकारने २३ मे २०१७ रोजी कुत्र्यांची पैदास आणि विक्री ह्यांविषयीचे नियम प्रसिद्ध केले. पैदासकाराने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी. अठरा महिने पुरे झालेले आणि पशुवैद्याने निरोगी ठरविलेलेच नर-मादी वापरावेत. वर्षातून एकाहून अधिक वेत घेऊ नये. मादी आठ वर्षांची झाली किंवा पाचदा व्यायली की तिला पुन्हा भरवू नये. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये. प्रत्येक कुत्र्याची लेखी नोंद ठेवावी. ब्रिटनच्या १९९९ च्या कायद्यापेक्षा वयाच्या बाबतीत आपला नियम कडक आहे. आठ आठवड्यांच्या अटीमागेही अनुभव आहे. स्कॉट आणि फुलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ कुत्र्याच्या सामाजिक वर्तनाच्या घडणीत फार महत्त्वाचा असतो, असे दाखविले. क्सेनोफॉनचा ‘आईचा श्वास’ तो हाच.

नियम झाले, तरी त्यांचा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न शिल्लक आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत ती दोन वेळा खाते, तिला लशी टोचाव्या लागतात, आणि तिच्यापासून एक पैसाही मिळत नाही. मेनेलसारख्या धनिकाला हे थांबणे जड नव्हते. मुधोळच्या बाजूला कोरडवाहू जमिनीवर जगणाऱ्या घराला सातव्या-आठव्या महिन्यात दाराशी चालून आलेले वेत सोडणे म्हणजे हातचे उत्पन्न सोडणे आहे. पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक जेव्हा पाच आठवड्यांचे पिल्लू स्वस्तात मागते, आणि आई किती वर्षांची, तिचे हे कितवे वेत, हे विचारीतही नाही, तेव्हा थांबणाऱ्या पैदासकाराचे पिल्लू महाग ठरून घरीच राहते आणि घाई करणाऱ्याचे विकले जाते. नोंदणीच्या वहीत आता मादीचे वय लिहावे लागते. ती वही पाहायला मागण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला कुणी नाकारलेला नाही.